मुका 'के' आणि बोलका 'द'

गेल्या जून महिन्यातील एका सायंकाळी कचेरीतून घरी परतलो तेव्हा माझी सात वर्षांची कन्या इंग्रजी शब्दांचे पाठांतर करीत बसली होती. शाळेने त्या आठवड्यासाठी शब्दांची एक यादी दिली होती, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील प्रत्येक शब्दाच्या आरंभी 'के' आणि 'एन' ही दोन अक्षरे जोडीने उभी होती. नी म्हणजे गुडघा, नाइफ म्हणजे सुरी, नॉट म्हणजे गाठ, नॉक म्हणजे दारावरची थाप, निट म्हणजे विणणे, नीड म्हणजे कणीक तिंबणे, नाइट म्हणजे सरदार आणि नो म्हणजे जाणणे. उच्चारताना ती 'के'ला वगळीत होती आणि लिहिताना मात्र त्याला पहिल्या जागेवर बसवीत होती. एका शब्दात विसरली, तेव्हा तिच्या आईने तिला थांबविले. "अगं, 'के' राहिला! तो बोलत नाही, पण लिहावा लागतो." मुलीने विचारले, "बोलत नाही, तर मग तिथे कशाला बसलाय?" आईजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते. "तशी पद्धत आहे," असे म्हणून आम्ही दोघांनी वेळ मारून नेली.

त्याच टेबलावर शाळेचे एक माहितीपत्रक पडले होते. त्यात पालकाच्या नावाच्या रकान्यात मी सकाळीच माझे नाव रोमन अक्षरांत भरून ठेवले होते. माझ्या नावाचा आरंभ ज्ञ या जोडाक्षराने होतो. मुलीने तो कागद उचलला, अक्षरे जुळवून मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, हे कोणाचे नाव?" कारण मी तेथे 'जी' आणि 'वाय' लिहिले होते, आणि तिने ते प्रामाणिकपणे ग-काराने वाचले होते. तिच्या आजोबांनी मला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारली, ज्या नावाने तिची आजी अजून मारते, ते नाव तिला त्या कागदावर सापडले नाही.

त्या दिवसापासून जे मनात घोळत आहे ते येथे स्पष्ट मांडावयाचे आहे. इंग्रजांचा तीनशे वर्षांपूर्वी मेलेला 'के' आपण आपल्या लेकरांकडून रोज संध्याकाळी पुजून घेतो, आणि आपल्या स्वतःच्या नावातला जिवंत, खणखणीत बोलणारा 'द' अर्ज भरताना निमूटपणे पुसून टाकतो. या व्यवहाराला आपण सोय म्हणतो. माझ्या मते त्याचे खरे नाव लाज हे आहे. आणि परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांमध्ये ही लाज जितकी फोफावली आहे तितकी अन्यत्र क्वचितच आढळेल.

प्रथम या मुक्या 'के'ची कुळकथा पाहू. तो काही जन्मतः मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत गुडघ्याचा, जाणण्याचा आणि सरदाराचा शब्द उच्चारताना आरंभीचा क स्पष्ट ऐकू येत असे. १४०० साली निवर्तलेल्या चॉसर कवीच्या काळी 'नाइट' या शब्दातील क तर बोलला जाईच, परंतु मधले 'जी-एच'देखील घशातून उमटत असे. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात पहिला छापखाना घातला, आणि त्यानंतरच्या दोनशे वर्षांत छापलेल्या ग्रंथांमुळे शब्दांची रूपे हळूहळू गोठत गेली. लोकांची जीभ मात्र गोठली नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस शिष्ट इंग्रजीतून हा क नाहीसा होऊ लागला. डॉ. जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ साली निघाला तेव्हा तो क बोलण्यातून गेला होता. कोशात मात्र तो दिमाखाने बसला.

शेजारच्या जर्मन भाषेत हीच अक्षरे अजून बोलकी आहेत. जर्मन माणूस गुडघ्याला 'क्नी' असेच म्हणतो. इंग्रजांचा जो 'नाइट' म्हणजे सरदार, त्याचा जर्मन भाऊ 'क्नेख्ट' म्हणजे साधा घरगडी. कारण मूळ शब्दाचा अर्थ मुलगा किंवा चाकर एवढाच होता. इंग्रजीत 'नेव्ह' म्हणजे लबाड मनुष्य, आणि जर्मनमध्ये 'क्नाबे' म्हणजे नुसता मुलगा. एकाच घरातली पोरे; एक सरदार झाला, एक लबाड ठरला, एक चाकरच राहिला. पण त्यांची कागदपत्रे जुळविता येतात ती या एका अक्षरामुळे. 'के' काढून टाकला असता तर हे नाते डोळ्यांना दिसलेच नसते. इंग्रज माणूस आपल्या पोरांना ज्या अक्षराचा त्रास देतो त्या अक्षरात त्याच्या भाषेची स्मृती साठविलेली आहे.

'के-एन'ची दुसरी बहीण म्हणजे 'जी-एन'. आपण कारकून मंडळी तर या जोडीवर पोट भरतो. 'साइन' करताना 'जी' मुका असतो. पण 'सिग्नेचर' म्हटले की तो बोलू लागतो. 'रिझाइन' म्हणेपर्यंत तो गप्प असतो आणि 'रेझिग्नेशन' हातात पडले की ग स्पष्ट उमटतो. 'असाइन'मध्ये ग नाही, 'डेझिग्नेशन'मध्ये आहे. पत्राची पोच देताना आपण 'ॲक्नॉलेजमेंट' लिहितो. तेथे ज्या 'नो'मध्ये क मुका होता त्याच्याच वंशात तो पुन्हा ऐकू येतो. ज्याला आपण 'फॉरिन सर्व्हिस' म्हणतो, त्या 'फॉरिन'मधला 'जी' तर निव्वळ उपरा आहे. फ्रेंचमधून आलेल्या मूळ शब्दात तो नव्हता. राज्य करणे या अर्थाच्या 'रेन' शब्दातला 'जी' पाहून कोणीतरी नकलेने तो येथे आणून बसविला. 'सॉव्हरिन' या शब्दाचीही हीच गोष्ट. म्हणजे इंग्रजी आपल्या मृत अक्षरांचा तर मान राखतेच, शिवाय चुकून घरात शिरलेल्यालाही हाकलून देत नाही. आणि या साऱ्या मुक्या, उपऱ्या, नकली अक्षरांपुढे मान तुकविताना आपणांपैकी कोणालाही कधी संकोच वाटलेला नाही. स्पर्धा परीक्षेत एक मुके अक्षर गाळले म्हणून गुण गेले तर आपण स्वतःला दोष देतो, भाषेला देत नाही.

या अक्षरांना धक्का लावण्याचा यत्न कोणी केलाच नाही असे नव्हे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ सालच्या ऑगस्टमध्ये सरकारी मुद्रणालयाला हुकूम दिला की, तीनशे इंग्रजी शब्द यापुढे सोप्या रीतीने छापावेत. सरकारी हुकूम म्हणजे काय चीज असते हे आपणांस सांगावयास नको. तरीही वृत्तपत्रांनी टिंगल केली, अमेरिकन लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने डिसेंबरात विरोधी ठराव केला, आणि राष्ट्राध्यक्षांना माघार घ्यावी लागली. पुढे १९५० साली बर्नार्ड शॉ मरण पावला तेव्हा इंग्रजीसाठी नवी लिपी तयार करावी म्हणून मृत्युपत्रात त्याने पैसा ठेवला होता. लिपी तयार झाली, १९६२ साली तिच्यात त्याचे एक नाटकही छापले गेले. इंग्रजीचे मुके अक्षर मात्र एकही हलले नाही. राष्ट्राध्यक्षाच्या हुकमाने जे हलले नाही आणि नाटककाराच्या पैशाने जे हलले नाही, तसले आपले अक्षर आपल्याकडे एका अर्ज भरणाऱ्या यंत्रचालकाच्या सवयीने हलते!

आता ज्या शब्दावरून हा प्रपंच मांडला त्याकडे वळतो. माझ्या मुलीच्या यादीतला शेवटचा शब्द होता 'नो', जाणणे. कलकत्त्यात १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात असे प्रतिपादन केले, आणि पुढे पंडितांनी त्या नात्याचा तपशील लावला. त्या हिशेबाप्रमाणे इंग्रजीतला हा 'के-एन', ग्रीक 'ग्नोसिस'मधला ग्न आणि संस्कृत ज्ञा धातूतला ज्ञ ही एकाच आईची लेकरे आहेत. 'डायग्नोसिस', 'इग्नोरन्स', 'रेकग्निशन', 'कॉग्निझन्स', हक्स्लेने १८६९ साली घडविलेला 'ॲग्नॉस्टिक', हे सारे ज्ञ-चे परदेशातले आप्त होत. एवढेच नव्हे, तर यादीतला पहिला शब्द जो 'नी', तो आपल्या 'जानु'चा सख्खा भाऊ. आजानुबाहू म्हणताना आपण ज्याला हात लावतो तोच हा गुडघा. म्हणजे माझी मुलगी मुक्या 'के'चे पाठांतर करीत होती तेव्हा नकळत ती ज्ञ-च्याच एका भावाला नमस्कार करीत होती. आणि तिच्याशेजारी बसून तिच्या बापाने घरच्या ज्ञ-ला मात्र दाराबाहेर उभे केले होते.

येथे आपले उत्तरेकडील मित्र एक आक्षेप घेतात, आणि त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे. ते म्हणतात, "ज्ञ-मध्ये मुळात द आहेच कुठे? ज् आणि ञ मिळून ज्ञ झाला. तुमचा द्न्य हा अपभ्रंश आहे." पहिले वाक्य खरे आहे. परंतु मग त्यांच्या ग्य-मध्ये ग कोठून आला? हिंदी माणूस ग्यान म्हणतो, गुजराती माणूस ग्न-च्या अंगाने बोलतो, बंगाली मनुष्य लिहितो ज्ञ पण उच्चारतो ग-काराने, पंजाबात ज्ञानीचा ग्यानी होतो. १९८२ ते १९८७ या काळात राष्ट्रपतिपदी असलेल्या झैलसिंगांच्या नावामागे आपण तेच बिरुद वाचीत आलो. तमिळ माणसाने तर इंग्रजांप्रमाणेच आरंभीचे व्यंजन टाकून दिले आणि नुसता ञ ठेवला. संस्कृतातला नेमका उच्चार रोजच्या व्यवहारात यांच्यापैकी कोणीही करीत नाही. प्रत्येकाच्या जिभेने त्या अवघड जोडाक्षराशी आपापल्या परीने तडजोड केली आहे. तडजोड सर्वांनी केली, मग अपभ्रंशाचा शिक्का एकट्या मराठीवर का?

मराठीने तर ही तडजोड दोन वेळा केली. बोलीच्या ओघात आलेल्या शब्दांत आपण ज्ञ-चा ण किंवा न केला. राज्ञीची राणी झाली, आज्ञेची आण झाली, यज्ञोपवीताचे जानवे झाले, विज्ञप्तीची विनंती झाली. आपण रोज ज्यांवर शेरा मारतो त्या विनंतीअर्जांच्या पोटात ज्ञ दडलेला आहे. पुढे विद्वानांनी ज्ञान, विज्ञान, प्रज्ञा हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले तेव्हा त्या अक्षराला मराठी जिभेने द्न्य हे रूप दिले. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवासे येथे जो ग्रंथ सिद्ध झाला त्याचे आणि त्याच्या कर्त्याचे नाव आज लक्षावधी वारकरी या द-कारानेच घेतात. आळंदीच्या वाटेवर ज्या नावाचा घोष होतो ते नाव रोमन लिपीत आले म्हणून बदलावे, हा न्याय कोणता?

शिवाय रोमन लिपीत हा द नवा आहे असेही नाही. अहमदनगरात अमेरिकन मिशनच्या मंडळींनी १८४२ साली 'ज्ञानोदय' नावाचे मराठी पत्र सुरू केले. त्याचे नाव रोमनमध्ये लिहिताना आरंभी 'डी-एन-वाय' हीच अक्षरे येतात. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मंडळींनी मराठी माणसाच्या तोंडून जे ऐकले ते आपल्या लिपीत उतरविले. परक्यांच्या कानाने जे इमान राखले ते आपल्या लेखणीला राखता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागणारी आहे.

हा दोष मी दुसऱ्याच्या माथी मारून मोकळा होणार नाही. मी स्वतः हा अपराध केला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. माझे नाव शाळेच्या पटावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले, आणि दहावीच्या प्रमाणपत्रात ते 'डी'पासूनच सुरू होते. नोकरीच्या आरंभी माझी नेमणूक उत्तरेकडील एका शहरात झाली. तेथील सहकाऱ्यांना या 'डी'ची गंमत वाटे. हे नाव आहे की टंकलेखनाची चूक, असे एकाने हसत विचारलेही होते. पुढे तेथेच ओळखपत्र काढावयाची वेळ आली. समोरच्या यंत्रचालकाने माझ्या तोंडून नाव ऐकले, देवनागरी ज्ञ पाहिला आणि सवयीप्रमाणे 'जी-वाय' टंकून पडदा माझ्याकडे वळविला. "ठीक आहे ना?" असे त्याने विचारले होते. मी "ठीक आहे" म्हणालो. मागे रांग होती, एवढेच त्याचे कारण. त्या ओळखपत्रावरून पुढची कागदपत्रे निघाली, दारावरची पाटी तशीच झाली, आणि हळूहळू माझी सहीही तशीच झाली.

काही वर्षांनी वडील गेले. त्यांच्या बँकेतील ठेवीवर वारस म्हणून त्यांनी माझे नाव लावले होते, अर्थात 'डी'ने. मी ओळखपत्र पुढे केले, त्यावर 'जी'. खिडकीमागच्या गृहस्थांचे काही चुकले नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच शेरा मारला असता. ही दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत असे मुद्रांकाच्या कागदावर लिहून द्या, साक्षीदार आणा, जुने प्रमाणपत्र जोडा, असे सांगण्यात आले. रजा काढून दोन वेळा गावी जावे लागले. ठेव वडिलांची, गरज आईची, आणि अडसर माझ्या एका अक्षराचा! शेवटी, मी तो मीच आहे, असे लिहून दिले. त्या कागदाला मराठीत प्रतिज्ञापत्र म्हणतात. ज्या अक्षराला मी टाकले त्याच अक्षराने मला त्या कागदाच्या शीर्षस्थानी गाठले. वडिलांनी लिहिलेले नाव खरे आणि मी लिहिलेले खोटे, ही साधी गोष्ट सिद्ध करण्यासाठी मला शपथ घ्यावी लागली.

पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात की, जगाला 'डी-एन-वाय' वाचता येत नाही, मग हट्ट कशाला? या युक्तिवादाचे मला आश्चर्य वाटते. जगाला 'के-एन-आय-जी-एच-टी' वाचता येते. पाच-सहा वर्षांची आपली पोरेदेखील वाचतात. 'डी-जे'ने आरंभ होणारे जोकोविच हे नाव साऱ्या जगाने शिकून घेतले. त्या खेळाडूला कोणी 'डी' सोडून ये असे सांगितले नाही. जिबूती देशाच्या आरंभी 'डी' उभा आहे आणि नकाशे छापणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाही. जग काय वाचू शकते हे बहुधा आपण काय लिहावयाचे धैर्य दाखवितो यावर अवलंबून असते.

आणि धैर्य कशाला म्हणतात हे पाहावयास आपणांस दूर जावे लागत नाही. आपण ज्या गावात राहतो तेथेच त्याचा धडा मिळतो. या शहराचे नाव इंग्रजीत दीर्घ काळ बँगलोर असे लिहिले जाई. कन्नड माणसाच्या तोंडातला अंत्य उ-कार त्यात नव्हता. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातील बारा शहरांची इंग्रजी नावे कन्नड उच्चाराप्रमाणे बदलली गेली आणि बेंगळुरूचा उ-कार पाट्यांवर व सरकारी कागदांवर विराजमान झाला. त्या वेळी पाट्या बदलण्याचा खर्च आणि टपालाचा घोटाळा यांवर आपल्यापैकी कित्येकांनी चहाच्या टेबलावर विनोद केले होते; मीही केले असतील. आज मला त्या विनोदांची शरम वाटते. एका स्वरासाठी त्यांनी एवढा खटाटोप केला, आणि आपण एक व्यंजन फुकट देऊन बसलो.

आणखी एक दाखला. बेंगळुरू विद्यापीठाची स्थापना १९६४ सालची. त्याच्या विस्तीर्ण आवाराचे नाव ज्ञानभारती. २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये मेट्रोचा मार्ग केंगेरीपर्यंत वाढला तेव्हा त्यावरील एका स्थानकालाही हेच नाव मिळाले. त्या स्थानकावर रोमनमध्ये 'जे-एन' अशी जोडी आहे. माझ्या कानाला माझे कन्नड शेजारी ते नाव ग-काराच्या अंगाने उच्चारताना ऐकू येतात. तरीही पाटीवरचा 'जे' त्यांनी काढलेला नाही. भारतीय ज्ञानपीठाचेही तसेच. त्या संस्थेच्या पुरस्काराने १९६७ साली कुवेंपूंचा आणि १९७४ साली खांडेकरांचा गौरव झाला. रोमनमध्ये त्या नावाच्या आरंभी 'जे-एन' आहे आणि मराठी, कन्नड, हिंदी माणूस ते आपापल्या रीतीने उच्चारतो. संस्थेने आपले अक्षर धरून ठेवले म्हणून कोणाचे अडले नाही.

याचा अर्थ असा नव्हे की, सर्वांनी मराठी द म्हणावा. आपल्यातही काही बहाद्दर आहेत, जे दुसऱ्याच्या ग्यानला हसतात आणि स्वतःच्या मुलाच्या अर्जावर तोच ग्य लिहितात. हसण्यात स्वाभिमान नाही. हिंदी माणसाचा ग त्याच्या आजोबांचा आहे, कन्नड माणसाचा उच्चार त्याच्या आजोबांचा आहे. माझा द माझ्या आजोबांचा आहे. ज्याने त्याने आपापल्या आजोबांची जबाबदारी घ्यावी, एवढेच माझे म्हणणे. ग्रंथांत संस्कृत उद्धृत करताना विद्वानांनी ठरविलेली 'जे' आणि डोक्यावर वळसा असलेला 'एन' ही पद्धत योग्यच आहे. शास्त्राच्या ठिकाणी शास्त्र चालावे. माणसाचे नाव मात्र ज्या तोंडांनी त्याला हाक मारली त्या तोंडांचे असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. कन्नडला तो २००८ सालीच मिळाला होता. त्या दिवशी आपल्या मंडळाच्या संदेशगटावर अभिनंदनाचा पूर आला. मीही त्यात भर घातली. आणि त्या संदेशाखाली माझे नाव 'जी-वाय'ने उमटले. मंत्रिमंडळाच्या निर्णयाने भाषेला दर्जा मिळू शकतो. पण ती भाषा बोलणाऱ्याला रांगेत उभे असताना आपले नाव नीट सांगण्याचा धीर कोणताही निर्णय देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याला आणावा लागतो.

शेवटी, कारकुनाचा लेख आहे, तेव्हा कार्यवाहीशिवाय संपवू नये. ज्यांच्या घरी ज्ञ-ने आरंभ होणारे नाव आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. मुलाच्या जन्मनोंदीच्या वेळी रोमन अक्षरे स्वतः लिहून द्यावीत, यंत्रचालकाच्या कानावर सोडू नयेत. कारण पहिला कागद जसा, तसे पुढचे सारे कागद. दुसरे असे की, येथे ओळखपत्रावर इंग्रजीबरोबर कन्नड लिपीतही नाव येते, आणि रोमनवरून ते उतरविताना यंत्र द, न आणि य यांची विचित्र मोळी बांधते. तेथे आग्रह धरून कन्नडचा स्वतःचा ज्ञ घालून घ्यावा. तो त्यांच्या वर्णमालेत आहे, आपल्याही आहे. ते त्यांच्या रीतीने वाचतील, आणि तसे वाचण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तिसरे म्हणजे, जुन्या कागदांतील तफावत आईबाप हयात असतानाच दुरुस्त करून घ्यावी. हा सल्ला मी अनुभवाने देत आहे.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. शाळेचे ते माहितीपत्रक दुसऱ्या दिवशी नवे मागून घेतले आणि वडिलांनी लिहिले होते तसे नाव भरले. दुरुस्तीचे अर्जही दिले आहेत. त्यांना जोडावयाच्या कागदांत प्रमाणपत्राच्या जोडीला ते प्रतिज्ञापत्रही आहे. त्या संध्याकाळी मुलीला 'के'ची गोष्ट सांगितली. तो पूर्वी बोलत असे, आता बोलत नाही, पण त्याच्या घरच्या माणसांनी त्याला घराबाहेर काढले नाही, अशी. तिने ती लक्षपूर्वक ऐकली. मग नवा कागद उचलून माझे नाव वाचले. 'डी', 'एन' आणि 'वाय' जुळविताना ती किंचित अडखळली, आणि मग तिची आजी हाक मारते तशी हाक मारून हसली.

मुक्या अक्षराचा मान राखावयास ती शाळेत शिकतेच आहे. बोलक्या अक्षराचा मान राखावयास तिला कोण शिकविणार, याचे उत्तर आपणांपैकी प्रत्येकाच्या पुढल्या अर्जावर मिळेल.